पाठमोरा प्रेक्षक

तमाशाला जाण्याची गळ घरात कोणी घालायचीच, तर ती धाकट्या दिराने किंवा कॉलेजात जाणाऱ्या भाच्याने घालावी. आमच्या घरी ती घातली माझ्या वडिलांनी. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आणि तीही माझ्या सासूबाईंच्या देखत!

गोष्ट १९९१ च्या जानेवारीतली. आदल्या वर्षी माझी आई गेली आणि साताऱ्याच्या घरात अण्णा एकटे राहिले. एकटा माणूस स्वतःशी बोलतो म्हणतात; अण्णा स्वतःशीही बोलेनासे झाले. शेवटी मी आणि हे साताऱ्याला गेलो आणि थोडे दिवस म्हणून त्यांना सांगलीला घेऊन आलो. पण इथेही तेच. सकाळी फिरणे, मग वर्तमानपत्र, दुपारी गॅलरीतली खुर्ची आणि रस्त्याकडे पाठ. होय, रस्त्याकडे पाठ! खुर्ची रस्त्याकडे तोंड करून ठेवली तरी ते ती फिरवून घेत आणि घराकडे पाहत बसत. म्हातारपणाची तऱ्हा, म्हणून मी सोडून दिले.

एके दिवशी संध्याकाळी आम्ही चहा घेत होतो. कर्णा लावलेली एक जीपगाडी पुकारा करीत रस्त्याने गेली. तासगावच्या रस्त्यावरच्या एका गावी यात्रा, रात्री काळू-बाळूंचा तमाशा! अण्णांनी कप खाली ठेवला.

"काळू-बाळू आलेत," ते म्हणाले. "पोरी, मला एकदा बघायचेत ते."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले, मी ह्यांच्याकडे पाहिले आणि ह्यांनी छताकडे पाहिले.

"पण अण्णा, तुम्ही इतकी वर्षं यात्रांतून होता. कधी पाहिले नाहीत?"

"पंचवीस वेळा ऐकलेत," अण्णा म्हणाले. "पाहिले एकदाही नाहीत."

हे कोडे उलगडायचे तर अण्णांची नोकरी सांगितली पाहिजे. ते पोलीस खात्यात होते. शिपाई म्हणून लागले आणि फौजदार होऊन निवृत्त झाले. मधली सारी वर्षे साताऱ्यात आणि सांगलीत गेली. 'साताऱ्यात आणि सांगलीत' असे आज म्हणायचे. अण्णांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत 'उत्तर सातारा' आणि 'दक्षिण सातारा' हीच नावे होती. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि दक्षिण भागाला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. त्या दोन्ही भागांत यात्रांना तोटा नाही. पुसेगावला सेवागिरी महाराजांची, पालीला खंडोबाची, औंधला यमाईची, म्हसवडला सिद्धनाथाची. शिवाय गावोगावच्या लहानमोठ्या निराळ्याच. यात्रा म्हटली की तमाशा आला, तमाशा म्हटला की गर्दी आली, आणि गर्दी म्हटली की बंदोबस्त आला!

तमाशाच्या बंदोबस्तावरचा पोलीस उभा कसा राहतो, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? तो रंगमंचाला लागून उभा राहतो आणि त्याचे तोंड असते गर्दीकडे. कोण दगड उचलतो, कोण झिंगून उठतो, कुठल्या बाजूने रेटा येतो, ते त्याने पाहायचे. मागे ढोलकी कडाडते, घुंगरू वाजतात, सोंगाड्या बोलतो, हजारो माणसे हसून लोटपोट होतात. त्याने मात्र वळायचे नाही. अण्णा शिस्तीचे मोठे कडक. तीस वर्षे यात्रा केल्या, पण एकदाही वळले नाहीत. सारा तमाशा त्यांनी कानांनी ऐकला आणि डोळ्यांनी पाहिली ती फक्त माणसांची तोंडे.

आता काळू-बाळू कोण, हे दक्षिण महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगणे म्हणजे कृष्णेला पाण्याची ओळख करून देणे. तरी मुंबई-पुण्याच्या नव्या पिढीसाठी थोडे सांगते. सांगलीहून तासगावकडे निघाले की बुधगाव मागे टाकून कवलापूर लागते. गाव शेतकऱ्यांचे, संक्रांतीच्या सुमाराला इथली गाजरे बाजारात येतात. या गावच्या खाडे घराण्यात तमाशा पिढ्यान्पिढ्यांचा. गंमत अशी की या घराण्याचा फड नेहमी जोडीच्या नावाने ओळखला गेला. आधी सातू-हिरू, त्यांच्यामागून शिवा-संभा. यांतल्या संभाजी खाडे यांना १९३३ साली जुळे मुलगे झाले. त्यांची नावे ठेवली लहू आणि अंकुश. मुलगे एकमेकांसारखे दिसणारे. तेव्हा नव्या जोडीसाठी कोठे शोधाशोध करायला नको!

लहू आणि अंकुश म्हणजे आपले लव आणि कुश. सीतेच्या जुळ्यांची नावे. या नावांवरून माझ्या मनात नेहमी एक विचार येतो. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' सादर केले ते इथेच. ५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीच्या आगेमागे, आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो तो त्याचीच आठवण म्हणून. देवल इथल्या हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचेच. आमच्या शाळेत मी दर वर्षी मुलींना हा पाठ मोठ्या अभिमानाने शिकवीत असे. पण तासाभराच्या सायकलीवर सीतेच्या जुळ्यांचीच नावे असलेले दोन नट राहतात, आणि त्यांच्यासाठी जमतात तेवढी माणसे नाट्यगृहात कधी मावायची नाहीत, हे मी एकदाही सांगितले नाही. सुचलेच नाही. आमची रंगभूमी निराळी आणि त्यांची निराळी, हे कोणी न सांगता आम्हांला पाठ होते.

तशी तमाशाची मुळेही याच मातीत खोल गेलेली. पठ्ठे बापूराव वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. १८६६ साली जन्मले. कुलकर्ण्याचा मुलगा तमाशात गेला, पवळेबरोबर बोर्डावर उभा राहिला आणि जातीला व घराला मुकला. १९४५ साली ते गेले. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे. त्यांनी तमाशाचा साचा घेतला आणि त्यात गिरणी कामगारांचे नि शेतकऱ्यांचे दुःख भरले. तमाशाला प्रतिष्ठा मात्र सहजासहजी मिळाली नाही. तो उभा केला बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या कलावंतांनी. आणि पांढरपेशांनी त्याला अश्लील म्हणून दूर ठेवले. स्वातंत्र्यानंतरच्या आरंभीच्या काळात, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई राज्यात तमाशावर बंदीसुद्धा आली होती. पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती बसली, काही नियम झाले आणि बंदी उठली. नियम आले म्हणजे ते पाळले जातात की नाही हे पाहायला पोलीस आले. म्हणजे पुन्हा अण्णाच!

आणि या साऱ्यात मौज ही, की काळू-बाळूंनी महाराष्ट्राला हसवले ते पोलिसांचीच सोंगे काढून. 'जहरी प्याला' नावाच्या वगात त्यांनी दोन हवालदार रंगवले. त्या हवालदारांची नावे काळू आणि बाळू. ती सोंगे लोकांना अशी काही आवडली की नटांची खरी नावे मागे पडली. लहू खाडे काळू झाले, अंकुश खाडे बाळू झाले आणि फडाचे नावही तेच पडले. सोंगाने माणसाचे नाव खाल्ल्याची अशी उदाहरणे थोडीच असतील.

म्हणजे दृश्य असे : बोर्डावर खाकीतले दोन हवालदार, त्यांची फजिती चालली आहे, समोर पाच हजार माणसे हसताहेत, आणि दोहोंच्या मध्ये, त्याच खाकीत, गर्दीकडे तोंड करून आमचे अण्णा उभे!

लहानपणी मला हे ठाऊक नव्हते. एवढेच आठवते, की यात्रेहून अण्णा पहाटे घरी येत. हातात रेवड्यांचा पुडा असे आणि चेहरा दगडासारखा. आई विचारी, "झालं का नीट?" ते म्हणत, "झालं." बस्स. मग पट्ट्याच्या पितळेला पॉलिश करायला बसत. पॉलिश लावताना त्यांची डाव्या हाताची बोटे डबीच्या झाकणावर वाजत राहत. तो ढोलकीचा ठेका होता हे मला फार उशिरा कळले.

असो. तर त्या संध्याकाळी आमच्या घरी लहानशी सभाच भरली. हे म्हणाले, "अण्णा, थंडी आहे. सिनेमाची कॅसेट आणू का त्यापेक्षा? दादा कोंडक्यांची?" आता ह्यांनी 'विच्छा माझी पुरी करा' नाट्यगृहात जाऊन दोनदा पाहिलेले. वसंत सबनिसांचे ते लोकनाट्य १९६५ साली आले तेव्हापासून पांढरपेशा महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतले, आणि त्यात दादांनी रंगवला होता तोही हवालदारच! तिकीट काढून, पंख्याखाली, जाळीच्या खुर्चीत बसून पाहिलेला हवालदार चालतो. कनातीतला चालत नाही. मी हे बोलून दाखवणार होते, पण त्याआधीच सासूबाई बोलल्या.

"जाऊ द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "आमच्या माहेरी वाड्यामागच्या पटांगणात तमाशा व्हायचा. आम्ही पोरी माडीवर दिवा मालवून ऐकत बसायचो. वग पाठ आहेत माझे. दिसलं मात्र कधी काही नाही." आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, तूही जा. म्हातारा माणूस रात्रीचा एकटा कसा जाईल?"

मी शाळामास्तरीण. शेजारच्या गावी तमाशाला गेल्याचे पालकांना कळले तर काय, या धास्तीने मी डोक्यावरून पदर घेतला, वर शाल गुंडाळली आणि अण्णांबरोबर एस.टी.त बसले. तंबूच्या दाराशी तिकिटे काढतो तोच समोर मफलर गुंडाळलेला एक मुलगा उभा. आमच्या शाळेतला, दहावीचा. त्याची सराव परीक्षा दोन दिवसांवर! त्याने मला पाहिले, मी त्याला पाहिले. त्याने मफलर नाकावर ओढला, मी पदर पुढे ओढला आणि आम्ही दोघेही मुकाट्याने दोन दिशांना गेलो. या प्रकरणी त्याने कधी तोंड उघडले नाही आणि मीही नाही.

तंबू भरून गेला होता. पुढे थोड्या खुर्च्या, मागे जमिनीवर माणसेच माणसे. फेटे, टोप्या, घोंगड्या, आणि एका बाजूला बायकासुद्धा. हे मला नवीन. घरच्या कर्त्या बायका, मांडीवर मुले घेऊन बसलेल्या. माझा पदर हळूच खाली आला.

साडेदहाच्या सुमाराला ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी सुरू झाली. तमाशाचा क्रम ठरलेला असतो. आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण : मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांची मावशी, आणि वाट अडवणारे कृष्ण नि पेंद्या. त्यानंतर लावण्या, बतावणी, आणि मध्यरात्र उलटली की वग. वग म्हणजे तमाशातले नाटक. पण नाटकासारखी त्याची संहिता घोकलेली नसते. गोष्ट ठरलेली, प्रसंग ठरलेले. बोलणे पुष्कळसे तिथल्या तिथे सुचणारे. सोंगाड्याची परीक्षा तिथे होते. गावातली कालची भानगड त्याला आज रात्री वगात घालता आली पाहिजे. समोरच्याने टाकलेला शब्द त्याने खाली पडू देता कामा नये. एकाने चेंडू टाकावा, दुसऱ्याने तो झेलावा, आणि झेल घेतल्याबरोबर ढोलकीवर थाप पडावी. थाप क्षणभर आधी पडली तर विनोद मरतो आणि क्षणभर उशिरा पडली तर शिळा होतो.

मायक्रोफोन वरून टांगलेले होते. नट बोलता बोलता बरोबर त्यांच्याखाली येऊन उभे राहत. अण्णा ताठ बसले होते. गण झाला, गवळण झाली, लावण्या झाल्या. ते जणू ड्यूटीवर असल्यासारखे. थंडीने माझे पाय बधिर झाले आणि वाटू लागले, आपण उगीच आलो. यांचे मन आता कशातच रमायचे नाही.

मग वगात हवालदार आले.

त्या वेळी काळू-बाळू सत्तावन्न वर्षांचे होते. अंगावर खाकी, हातात दंडुका, आणि चालण्यात कायद्याचा सगळा रुबाब. मात्र कायदा नेमका कोणत्या दिशेला आहे, याबद्दल दोघांच्याही मनात गोंधळ. लॉरेल आणि हार्डी ही जोडी आपण पडद्यावर पाहिली आहे. तिथे एक जाडा आणि एक रोडका. दोघांतल्या फरकाचे हसू. इथे उलटे. दोघांत फरकच नाही, आणि हसू त्याचेच! पोलिसाचे काम माणूस ओळखण्याचे. चोर कोण, साव कोण, हे त्याने सांगायचे. आणि इथे हे दोन पोलीस असे, की त्यांतला कोण कोणता हेच कोणाला सांगता येऊ नये. एकाने वाक्य सुरू करावे, दुसऱ्याने पुरे करावे. एकाने चूक करावी, मार दुसऱ्याने खावा. त्यांच्या चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. जितका गोंधळ अधिक, तितके दोघे अधिक गंभीर. तोंडातून अभद्र म्हणावा असा एक शब्द नाही. माझ्या शेजारची म्हातारी हसून हसून डोळे पुसत होती.

आणि अण्णा हसले!

पण अण्णांचे हसणे मोठे चमत्कारिक. ते सगळ्यांच्या आधी हसत. बोर्डावर शब्द पडायच्या आधीच त्यांच्या तोंडावर हसू उमटे. मग शब्द पडे, मग ढोलकीची थाप आणि मग तंबूचे हसू. तीस वर्षे ऐकलेले! कुठे काय येणार ते त्यांना ठाऊक. थोड्या वेळाने पाहते तर ते डोळे मिटून बसलेले.

"अण्णा, झोप आली का?"

"नाही गं. डोळे मिटले की कोण काळू नि कोण बाळू ते बरोबर कळतं. आवाजावरून. उघडले की घोळ होतो!"

मला हसू आवरेना. एवढा आटापिटा करून आम्ही पाहायला आलो ते डोळे मिटण्यासाठी!

पुढे वगात एक जागा आली. दोन्ही हवालदारांची चांगलीच कोंडी झालेली, तंबू टाचा उंचावून वाट पाहतोय. आणि नेमक्या त्या क्षणी अण्णांनी काय करावे? ते खुर्चीतल्या खुर्चीत वळले. बोर्डाकडे पाठ केली आणि मागच्या गर्दीकडे पाहू लागले. मागे हास्याचा लोट उसळला. मला प्रथम वाटले, जुनी खोड. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मीही वळले.

काय सांगू तुम्हांला! दिव्यांच्या उजेडात ती हजार-दोन हजार तोंडे एकाच वेळी उघडलेली. ऊस तोडून आलेली, हमाली करून आलेली, कर्जाने गांजलेली, सासुरवासाने शिणलेली. कोणी शेजाऱ्याच्या खांद्यावर डोके टेकलेले, कोणी मांडीवर थाप मारलेली, कोणा बापाच्या खांद्यावरचे पोर काही न कळता बापाबरोबर हसणारे. आमचा मफलरवाला विद्यार्थीही त्यांत होता; मफलर पार गळून पडलेला. नाटकाला जाऊन मी जन्मभर समोर पाहिले होते. मागे एवढे असते हे मला कोणी सांगितले नव्हते.

"हे बघितलं मी," अण्णा म्हणाले. "तीस वर्षं."

रंगमंचाच्या कडेला एक तरुण शिपाई उभा होता. विशीबाविशीचा. पाय थंडीने बदलत होता, पण तोंड गर्दीकडे. मागे हशा झाला की त्याच्या मानेची एक शीर ताठ होई, आणि वळायचे नाही म्हणून तो जमिनीकडे पाही. अण्णा बराच वेळ त्याच्याकडे पाहत होते. मग उठले आणि सरळ त्याच्यापाशी गेले. मी घाबरून मागोमाग गेले.

"कुठलं स्टेशन?" अण्णांनी विचारले. आवाज फौजदाराचा. पोरगा नकळत ताठ झाला.

"मी फौजदार होतो. रिटायर झालो," अण्णा म्हणाले. "आता असं कर. पाच मिनिटं मागं वळ आणि बघ. गर्दी मी बघतो."

"नको साहेब. वरिष्ठ..."

"वरिष्ठ मीच आहे. वळ."

पोरगा वळला. आणि अण्णा त्याच्या जागी, गर्दीकडे तोंड करून, पाय जुळवून, हात पाठीमागे बांधून उभे राहिले. धोतर, कोट, गळ्याभोवती माझ्या हातचा विणलेला मफलर. पण उभे राहिले ते खाकीत असल्यासारखे. मागे काळू-बाळूंनी काहीतरी केले. तो शिपाई इतका मोठ्याने हसला की पुढच्या रांगेतल्या लोकांनी त्याच्याकडे पाहिले आणि तेही आणखी हसले. पाच मिनिटांची पंधरा झाली. अण्णा हलले नाहीत.

पहाटेच्या एस.टी.ने परतताना मी धीर करून विचारले, "अण्णा, एवढी वर्षं ते पोलिसांची टिंगल करायचे आणि तुम्ही तिथंच उभे. तुम्हांला राग नाही यायचा?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. बाहेर उजाडत होते.

"पहिल्या वर्षी आला," ते म्हणाले. "वाटलं, सगळे मलाच हसताहेत. घरी आलो तर जेवण जाईना. तुझी आई तेवढी जाणून होती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारी चौकीवर आली. तिचं रेडकू चोरीला गेलं होतं, महिना झाला होता. मी म्हटलं, महिनाभर का नाही आलीस? तर म्हणाली, भ्या वाटायचं. म्हटलं, आणि आज? तर पदर तोंडाला लावून हसायला लागली." अण्णाही हसले. "रात्री तमाशा झाला की सकाळी माणसं चौकीची पायरी चढायची. मग मी राग सोडला."

सांगलीत उतरलो. सासूबाई जाग्याच होत्या. दारातच विचारू लागल्या. आणि काय आश्चर्य! गेले वर्षभर मुका झालेला माणूस ओट्यावर बसून तासभर बोलत राहिला. कोण कसा आला, कोण कुठे उभा राहिला, काय केले. सासूबाई मध्येच एखादा संवाद पुरा करीत आणि अण्णा म्हणत, "बरोबर! अगदी बरोबर!" दोन जन्मभरच्या ऐकणाऱ्यांची ती बैठक. आत मी चहा टाकला आणि पातेल्यापाशी उभी राहून थोडीशी रडले.

त्या दिवसानंतर अण्णा सांगलीत पुरे चार महिने राहिले. गॅलरीतली खुर्ची मात्र त्यांनी कधी रस्त्याकडे वळवली नाही. आता मला त्याचे नवल वाटत नव्हते. घरातली माणसे काय करतात, कशाला हसतात, हेच त्यांना पाहायचे असे.

अण्णा १९९८ साली गेले. लहू खाडे, म्हणजे आपले काळू, २०११ साली गेले, आणि काही वर्षांनी बाळूही त्यांच्या मागोमाग. वर्तमानपत्रातली पहिली बातमी वाचली तेव्हा माझ्या मनात आले ते हे, की आठ्याहत्तर वर्षे जोडीने काढलेल्या माणसाला एकट्याने वाक्य पुरे करायचे कसे जमणार? त्यांच्या नावाचा फड त्यांच्यामागेही फिरत राहिला. पण ती जोडी पाहिलेली माणसे अजून आहेत. दक्षिण महाराष्ट्रात कोणत्याही पारावर 'काळू-बाळू' एवढे दोन शब्द म्हणून पाहा. साठी उलटलेला प्रत्येक माणूस आधी हसतो आणि मग बोलायला लागतो. अगदी अण्णांसारखा, शब्दाच्या आधी हसू.

मला मात्र त्या रात्रीपासून एक खोड जडली. नाटकाला किंवा गाण्याच्या बैठकीला गेले आणि सभागृह हसले, की मी वळून मागे पाहते. ह्यांना ते मुळीच आवडत नाही.

"तिकीट पुढचं काढलंय," हे पुटपुटतात, "मागचं नव्हे."

परवा पाहिले, तर हेही हळूच मागे वळून पाहत होते.